देवळालीचा ताप

"आणि बोट आलीच नाही तर?" भिकनबाबांनी विचारलं.

"तर बसायचं," त्र्यंबक मास्तर म्हणाले.

"बसून करायचं काय?"

"काही नाही. तीच तर गंमत आहे, बाबा."

बाबा गोधडीला टाके घालत होते. त्यांचा हात थांबला.

"पुन्हा सांग. पहिल्यापासून. मला इंग्रजी येत नाही."

मास्तरांना याहून गोड आमंत्रण कुठलं असणार? हायस्कुलात इंग्रजी शिकवणारा माणूस. वय चाळिशीच्या जरा पुढं, अंगात कडक इस्त्रीचा सदरा, आणि डोक्यात शब्दांचा नुसता आठवडी बाजार. नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात. मास्तर नदी आणि ऋषी तेवढे सोडून बाकी सगळ्यांचं मूळ-कूळ विचारत. भाजीवालीनं 'बटाटा' म्हटलं की हे तिला पोर्तुगालला नेऊन परत आणायचे, तोवर मागचं गिऱ्हाईक बटाटे घेऊन घरी गेलेलं असायचं.

शनिवार-रविवारी ते दारणेकाठच्या तकियात येत. तकिया म्हणजे फकिराची बसायची जागा. एक लिंब, त्याखाली पत्र्याची खोली, बाहेर तीन दगडांची चूल आणि बेगम नावाची एक शेळी. भिकनबाबा तिथं कधीपासून होते ते कुणालाच सांगता येत नसे. हिंदू येत, मुसलमान येत, कॅम्पातला एखादा पारशी म्हातारा काठी टेकत येई. बाबा कुणालाही उपदेश करत नसत. लोक त्याचसाठी येत.

"तर बाबा," मास्तरांनी मांडी सारखी केली, "इंग्रजीत एक शब्द आहे. डूलॅली. माणसाचं डोकं फिरलं, सटकलं, की म्हणतात, हा डूलॅली झाला. आता हा शब्द आला कुठून? विलायतेतून? नाही. लॅटिनमधून? नाही. हा शब्द आला आपल्या देवळालीतून."

"आपल्या?"

"आपल्या. साहेबाच्या जिभेला देवळाली पेलली नाही, त्यानं डूलॅली केलं. इथं गोऱ्या शिपायांची छावणी होती. ज्याची नोकरीची मुदत संपली त्याला मुंबईहून बोटीनं घरी पाठवायचं, आणि बोट मिळेपर्यंत देवळालीत ठेवायचं. पण बोटी निघायच्या थंडीच्या दिवसांत. ज्याची मुदत भर उन्हात संपली, तो बसला पुढच्या थंडीपर्यंत. कवायत नाही, लढाई नाही, काम नाही. घरी जायचं ठरलंय, पण जाता येत नाही. कुणी दारू प्यायला लागला, कुणी मारामाऱ्या करायला लागला, कुणाचं डोकंच गेलं. शिपाई आपसात म्हणायचे, याला देवळालीचा ताप चढला. डूलॅली टॅप. त्यातला टॅप म्हणजे आपला ताप. जाणकार तसंच धरतात."

एवढं बोलून मास्तरांनी बाबांकडं बघितलं. वर्गात अवघड प्रयोग समजावून झाल्यावर ते पहिल्या बाकाकडं असंच बघत.

बाबा खूश झाले. मनापासून खूश झाले. बेगमकडं वळून म्हणाले, "ऐकलंस का गं? आपलं गाव सातासमुद्रापलीकडं गेलं." बेगमनं लिंबाची डहाळी ओढली.

मग बाबांनी विचारलं, "त्यातल्या एखाद्याचं नाव काय होतं?"

"कुणाच्या?"

"शिपायाच्या. पहिल्यांदा ज्याचं डोकं गेलं त्याच्या."

"ते... ते काही नोंदलेलं नाही."

"घरी कोण वाट बघत होतं त्याची? आई? बायको?"

"बाबा, शब्दाचा इतिहास असतो. असल्या गोष्टी त्यात येत नाहीत."

"बरं," बाबा म्हणाले, आणि पुन्हा टाके घालू लागले.

मास्तरांना जरा लागलं. एवढं रत्न खणून आणावं, आणि समोरच्यानं त्याला चिकटलेल्या मातीची चौकशी करावी. पण आज ते फक्त शब्द दाखवायला आले नव्हते. त्यांनी घसा खाकरला. इकडं बघितलं, तिकडं बघितलं.

"बाबा... मला तोच ताप आलाय."

"कुठला?"

"देवळालीचा. झोप नाही. पुस्तक उघडतो, तेच पान तासभर समोर असतं. परवा वर्गात फळ्यावर तारीख घालायची होती, तिथं मी माझंच नाव लिहिलं. पोरं फिदीफिदी हसली. मला काहीतरी द्या. मंत्र द्या, अंगारा द्या, काहीही द्या."

बाबांनी दातानं दोरा तोडला.

"प्रमिलाताई कशा आहेत?"

मास्तरांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसला.

लिंबाची दोन पानं खाली पडली. बेगम उठली आणि जागा बदलून बसली.

"सिन्नरला आहे," शेवटी मास्तर म्हणाले. "माहेरी."

"कधीपासून?"

"संक्रांतीनंतर गेली. तिच्या भावाच्या मुलीचं बारसं होतं."

आता चैत्र लागला होता. बाबांनी त्यावर काही म्हटलं नाही. काही न म्हणण्यात तो माणूस मोठा पटाईत होता.

त्यामुळे मास्तरांना सगळंच सांगावं लागलं.

प्रमिलाबाईंचा धाकटा भाऊ विलास. त्याला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी मुलगी झाली. नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणजे प्रमिलाबाईंचा. मास्तरांना मूलबाळ नव्हतं. प्रमिलाबाईंनी जन्मात ठेवलेलं हे पहिलंच नाव. काय ठेवणार ते त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. पाळण्यापाशी वाकून त्यांनी बाळाच्या कानात कुर्र केलं, नाव सांगितलं. बायकांनी रीतीप्रमाणे आत्याच्या पाठीत धपाटे घातले. घुगऱ्या वाटल्या. सगळं कसं छान चाललं होतं.

"मग?"

"मग कुणीतरी मला विचारलं, मास्तर, नावाचा अर्थ काय हो?"

"आणि तू सांगितलास."

"विचारलं म्हणून सांगितला. नाव ठेवलं होतं अनामिका. म्हणजे जिला नाव नाही ती. मी म्हटलं, वा, एवढा मांडव घालून बारसं केलं आणि नाव काय, तर नाव नाही. सगळे पोट धरून हसले, बाबा. विलाससुद्धा."

"आणि ताई?"

मास्तरांनी सदऱ्याची बाही उगाच खाली ओढली.

"ती स्वयंपाकघरात गेली. संध्याकाळी म्हणाली, मी आठ दिवस राहते इथं, तुम्ही व्हा पुढं. मी पुढं झालो. आठाचे पंधरा झाले, पंधराचा महिना झाला..."

"मग जाऊन आण."

"मी?" मास्तर ताठ बसले. इस्त्री मोडायची वेळ आली की ते असेच ताठ बसत. "मी कसा जाईन? न्यायला विलास आला होता, मुऱ्हाळी म्हणून. ज्यानं नेलं त्यानं आणून पोचवायचं, ही रीत आहे. माझ्या आईला मामानं आणून सोडलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय. विलास म्हणतो, ताई रुसून राहिलीय तेव्हा दाजींनी यावं. निरोप आला तसा. मीही निरोप पाठवला, रीत बघ म्हणून. अन्याय मी केलेला नाही. शब्दाचा अर्थ सांगणं हा गुन्हा आहे का? तुम्हीच सांगा, रीत कुणाच्या बाजूनं आहे?"

"तुझ्या," बाबा म्हणाले.

मास्तरांना एकदम बरं वाटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी तसं म्हणालं होतं. शाळेतला शिपाईसुद्धा प्रमिलाबाईंच्या बाजूचा निघाला होता.

"तेच म्हणतो मी," ते म्हणाले.

चहाची वेळ टळून चालली होती. मास्तरांचं डोकं चहाविना ठणकायला लागे, आणि आता ते ठणकत होतं. चुलीत निखारे होते. तांब्यात दूध होतं. डब्यात गूळ होता, पत्ती होती. पातेलं घासून पालथं घातलेलं होतं.

"चहा हवा?" बाबांनी विचारलं.

"हवाय की."

"मलाही हवाय."

दोघं बसले...

बाबांनी सुईत नवा दोरा ओवला. मास्तरांनी चुलीकडं बघितलं, मग बाबांकडं बघितलं, मग पुन्हा चुलीकडं. आता तकियात एक जुना दस्तूर होता. जो मागून येईल त्यानं चहा टाकायचा, मग तो शेठ असो नाहीतर फौजदार. आज मास्तर आले तेव्हा खोली उघडीच होती, पण बाबा नदीवर होते. मास्तर चटईवर बसून राहिले, आणि बाबा नंतर ओलं फडकं पिळत आले.

"बाबा," मास्तर म्हणाले, "आज तुम्ही मागून आलात."

"आलो."

"म्हणजे चहा तुमच्याकडं लागतो."

"माझ्याकडंच लागतो," बाबा म्हणाले आणि एक टाका घातला. मग दुसरा घातला.

मास्तर थांबले. मोठ्या माणसाला घाई करू नये. त्यांनी नदीकडं बघितलं, एक म्हैस पाण्यात डुंबत होती. म्हशीचं मूळ संस्कृतात आहे हे त्यांना आठवलं, पण सांगावंसं वाटलं नाही. लिंबाची सावली पातेल्यावरून सरकून भिंतीवर गेली. डोक्यात घण बसू लागले.

"बाबा, मग?"

"मग काय?"

"चहा."

"माझा आहे म्हणालो ना. तुझं बरोबर आहे, मास्तर. अगदी बरोबर आहे."

"अहो, बरोबर आहे, पण होणार कधी?"

"ते कुठं विचारलंस तू? बरोबर कुणाचं ते विचारलंस. ते मी सांगितलं."

आणि म्हातारा खुशाल गोधडी शिवत बसला.

मास्तरांना संताप आला. असला फकीर बघितला नाही कुठं. दस्तूर स्वतःचा, तकिया स्वतःचा, आणि कामाच्या वेळी हा असा. सरळ उठून घरी जावं असं त्यांच्या मनात आलं. पण घरी तरी चहा कोण देणार होतं? ते धुसफुसत उठले, पातेलं असं आपटलं की बेगम दचकून उभी राहिली. चुलीत काटक्या सारल्या, फुंकर घातली, डोळ्यांत धूर गेला. दूध ओतलं, गूळ फोडला, पत्ती टाकली. कोनाड्यात आल्याचा सुकत आलेला तुकडा दिसला, तोही ठेचून घातला. फडकं सापडेना म्हणून इस्त्रीच्या सदऱ्याच्या टोकानं पातेलं उतरवलं.

दोन कप भरून आणले. एक बाबांपुढं ठेवला, जरा जोरातच.

बाबांनी घोट घेतला, डोळे मिटले.

"आलं घातलंस."

"प्रमिला घालते," मास्तर म्हणाले.

शब्द तोंडातून निघून गेला होता. मास्तर कप हातात धरून तसेच उभे राहिले. वाफ चष्म्यावर चढली आणि पुढचं काही दिसेनासं झालं. बरंच झालं ते.

"घर खायला उठतं, बाबा," ते म्हणाले. "मी रोज नवीन शब्द शोधतो, आणि सांगायला कोणी नाही. ती ऐकायची. भाजी निवडता निवडता ऐकायची, मध्येच म्हणायची, बरं, मग पुढं? मला वाटायचं हिला काही कळत नाही. आता कुणीच बरं-मग-पुढं म्हणत नाही. मला तिची फार आठवण येते."

"बस," बाबा म्हणाले. "चहा पी."

मास्तर बसले, चहा प्यायले. डोक्यातले घण हळूहळू थांबले. चहा खरोखर चांगला झाला होता.

"दस्तूर मोडलास," बाबा म्हणाले.

"मोडला."

"मग काय झालं?"

मास्तरांनी कपाच्या तळाकडं बघितलं...

"चहा झाला," ते हळूच म्हणाले.

बाबांनी कप पुढं केला. पातेल्यात उरलेला चहा मास्तरांनी त्यात ओतला. नदीवरून वारा आला, तोही काही खास नव्हता, पण बरा होता.

"त्या शिपायांची बोट कुठून सुटायची म्हणालास?"

"मुंबईहून."

"आणि सिन्नरची गाडी?"

"नाशिकरोडवरून. सारख्या गाड्या असतात."

"हं," बाबा म्हणाले.

मास्तरांनी कान खाजवला. ऊन अजून चांगलं वर होतं. आत्ता निघालं तर दिवेलागणीच्या आत सिन्नर. त्यांनी चप्पल शोधायला सुरुवात केली. एक बेगमच्या अंगाखाली होती. ती काढता काढता त्यांचं मन पुन्हा मागं फिरलं.

"पण बाबा, चहाची गोष्ट वेगळी. इथं बघायला कोण आहे? तिकडं आपण होऊन गेलो तर विलास मिशीत हसेल. शाळेत कळेल. लोक म्हणतील, एवढी रीत सांगत होता आणि गेला शेपूट घालून बायकोच्या मागं. मास्तर वेडा झाला म्हणतील."

"म्हणू देत की. आपल्या गावाचंच नाव आहे ते."

मास्तर बघत राहिले. मग ते हसायला लागले. एका पायात चप्पल, एक हातात, आणि माणूस लिंबाला धरून हसतोय. बाबाही हसले. बेगम दोघांकडं बघून रवंथ करायची थांबली. संक्रांतीपासून मास्तर असे हसले नव्हते, आणि शेवटचे हसले होते ते सिन्नरच्या त्या मांडवात. ते आठवलं तसं हसू आपोआप ओसरलं.

त्यांनी दुसरी चप्पल घातली. चुलीच्या धुरानं आणि पातेल्याच्या काजळीनं सदऱ्याची पार रया गेली होती. त्यांनी तो झटकला. निघाले. चार पावलं गेले आणि परत आले.

"बाबा... माफी तर मागेन मी."

"माग."

"पण ती काही बोललीच नाही तर? ती रागावली की बोलत नाही. दार उघडेल, पाण्याचा तांब्या देईल आणि उभी राहील. मी काय बोलू? दहावीच्या वर्गापुढं मी तासभर बोलतो, पण तिथं मला एक वाक्य सुचायचं नाही."

बाबांनी गोधडी बाजूला सारली. गुडघ्यावर हात ठेवून सावकाश उठले. मास्तरांच्या अगदी समोर येऊन उभे राहिले.

"त्या पोरीचं नाव काय म्हणालास?"

"अनामिका."

"त्याचा अर्थ काय?"

मास्तरांची छाती भरून आली. मान वर झाली. धातू, प्रत्यय, कोशातले सगळे अर्थ जिभेवर ओळीनं येऊन उभे राहिले. त्यांनी तोंड उघडलं...

भिकनबाबांनी आपला खरखरीत तळहात त्यांच्या तोंडावर ठेवला.

"मला नको सांगूस. जिनं ठेवलं, तिला विचार."